मेजावरचे रणांगण : परांड्याचा चारा, खर्ड्याची रात्र आणि फाशांचा हिशेब

दिवाळीची सुटी लागली की महाराष्ट्रातील असंख्य अंगणांत आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यांत मातीचे किल्ले उभे राहतात. दगड-विटा रचून, त्यावर गोणपाट अंथरून चिखलाचा लेप दिला जातो. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ आणली जाते. बुरुजांवर कुंभाराकडून आणलेले रंगीत मावळे पहाऱ्याला उभे केले जातात. चार-आठ दिवस हे मावळे आपापल्या जागी स्तब्ध राहतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला मोडला जातो. या किल्ल्यावर लढाई मात्र कधीच होत नाही.

जगाच्या अनेक देशांत याच सैनिकमूर्तींना नियम लावून चालवणारा आणि लढवणारा एक छंद गेली शंभराहून अधिक वर्षे जोपासला जात आहे. त्याला ऐतिहासिक युद्धखेळ अथवा वॉरगेमिंग असे म्हणतात. वरवर पाहता तो प्रौढांचा बाहुल्यांचा खेळ वाटतो. परंतु एखादी लढाई एका पक्षाने का जिंकली आणि दुसऱ्याने का गमावली, हा प्रश्न सोडवून पाहण्याची ती एक पद्धत आहे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा आणि त्याच्या सीमेलगतचा मुलूख या दृष्टीने विशेष अभ्यासनीय ठरतो, कारण येथील लढायांचे निकाल निव्वळ संख्याबळाने क्वचितच लागले आहेत.

काय आहे हा छंद?

साधारणतः सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असे मेज हे या खेळाचे मैदान. त्यावर टेकड्या, ओढे, झाडी, रस्ते आणि गावे यांच्या छोट्या प्रतिकृती मांडल्या जातात. दोन्ही बाजूंच्या सैन्यासाठी त्या त्या काळातील गणवेश, शस्त्रे आणि निशाणे यांचा अभ्यास करून रंगवलेल्या लघुमूर्ती वापरतात. या मूर्ती शिसे-कथिलाच्या मिश्रधातूच्या, कडक प्लॅस्टिकच्या किंवा रेझिनच्या असतात. अलीकडे थ्री-डी प्रिंटरवर घरच्या घरी मूर्ती काढणाऱ्यांची संख्याही वाढली आहे.

मूर्तींचा आकार मिलिमीटरमध्ये सांगितला जातो. २८ मिलिमीटरच्या मूर्तीवर चेहरा, पागोटे, दाढी असे बारकावे रंगवता येतात. १५ मिलिमीटरच्या मूर्ती मध्यम लढायांसाठी सोयीच्या पडतात. ६ मिलिमीटरच्या मूर्ती तर इतक्या लहान असतात की एका तळहातावर अख्खी पलटण मावते. मोठी फौज डोळ्यांसमोर उभी करायची असेल तर मूर्ती लहान हवी आणि एकेका सैनिकाचे रूप पाहायचे असेल तर ती मोठी हवी, असा हा साधा व्यवहार आहे.

एक मूर्ती म्हणजे एक माणूस असे समीकरण फक्त छोट्या चकमकींत असते. मोठ्या लढाईत एक मूर्ती २०, ५० किंवा १०० सैनिकांच्या वतीने उभी असते. चार-सहा मूर्ती एका चौकोनी पट्टीवर चिकटवून त्यांची तुकडी केली जाते आणि ती तुकडी एकसंध हलवली जाते.

खेळ कसा चालतो?

खेळाडू आळीपाळीने डाव खेळतात. एका डावात आपल्या तुकड्या चालवणे, गोळीबार करणे, हातघाईची लढत आणि शेवटी मनोधैर्याची परीक्षा असे टप्पे येतात. बुद्धिबळासारखी घरे येथे नसतात. अंतर टेपने मोजले जाते. समजा, पायदळाला एका डावात सहा इंच आणि घोडदळाला बारा इंच चाल असेल, तर वाटेत नांगरलेले रान किंवा ओढा आल्यास ती निम्म्यावर येते.

गोळीबाराचा निकाल फाशांवर ठरतो. किती बंदुका, किती अंतरावरून, समोरचा शत्रू उघड्यावर आहे की आडोशाला, यावरून किती फासे टाकायचे आणि कोणता अंक पडल्यास नेम लागला असे मानायचे, हे नियमावलीत दिलेले असते. फासा आला म्हणजे हा नशिबाचा खेळ, असा समज होणे साहजिक आहे. प्रत्यक्षात रणांगणावर ओली झालेली दारू, न पोहोचलेला निरोप, बुजलेला घोडा अशा असंख्य अनिश्चित गोष्टींचे काम तो फासा करीत असतो. चांगला सेनापती फाशावर विसंबत नाही. वाईट दान पडले तरी डाव सावरता येईल अशी मांडणी तो आधीच करून ठेवतो.

या सर्वांत महत्त्वाचा टप्पा मनोधैर्याचा. तुकडीचे नुकसान झाले, शेजारची तुकडी पळाली किंवा सेनापती पडला, की त्या तुकडीला फासा टाकून परीक्षा द्यावी लागते. परीक्षेत नापास झालेली तुकडी मागे हटते किंवा पळते, मग तिच्यात कितीही माणसे शिल्लक असोत. सैन्ये मरून संपण्याच्या कितीतरी आधी धीर खचून संपतात, हे इतिहासाचे निरीक्षण या नियमात उतरले आहे.

चतुरंगापासून प्रशियापर्यंत

या छंदाची वंशावळ शोधत मागे गेल्यास ती भारतातच येऊन पोहोचते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून नाव पडलेला चतुरंग हा बुद्धिबळाचा पूर्वज. उमरग्याच्या सीमेपलीकडे, आज कर्नाटकात असलेल्या बसवकल्याण येथे कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकीच्या खेळांमध्ये चतुरंगाचेही वर्णन आले आहे.

बुद्धिबळ युरोपात गेले आणि तेथे त्याला पुन्हा प्रत्यक्ष युद्धाच्या जवळ आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. जर्मनीतील ब्रुन्सविक येथील योहान हेल्विग याने १७८० मध्ये दीड हजारांहून अधिक घरे असलेला पट तयार केला. त्यावर डोंगर, पाणी, दलदल अशा भूभागांना वेगवेगळे रंग होते. पुढची मोठी झेप प्रशियाच्या राईसविट्झ पितापुत्रांनी घेतली. पित्याने १८१२ च्या सुमारास प्रशियाच्या राजाला एक युद्धमेज सादर केले. लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे सुधारित नियम प्रसिद्ध केले. त्याने पट काढून टाकला आणि १:८००० प्रमाणाचे खरे नकाशे आणले. एक डाव म्हणजे दोन मिनिटे, असा काळाचा हिशेब बसवला. मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंच्या मध्ये पंच नेमला. खेळाडूला शत्रू दिसतो की नाही, हे पंच ठरवू लागला. ‘क्रीग्जश्पील’ या नावाने ओळखला जाणारा हा खेळ प्रशियाच्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग बनला. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पराभव केल्यानंतर इतर देशांच्या सैन्यांनीही त्याची दखल घेतली.

लष्करी शाळेतील हा अभ्यास घराघरांतला छंद झाला तो इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांच्यामुळे. त्यांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जमिनीवर शिशाचे सैनिक मांडायचे आणि स्प्रिंगच्या खेळण्यातील तोफेने लाकडी गोळ्या मारून ते पाडायचे, असा त्यांचा खेळ होता. खेळातली लढाई पाहिली की खरी लढाई किती मूर्खपणाची असते ते कळते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जॅक स्क्रूबी यांनी स्वस्त मूर्ती ओतण्यास सुरुवात केली आणि १९५७ मध्ये या छंदाला वाहिलेले नियतकालिक काढले. ब्रिटनमध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ मधील ‘वॉर गेम्स’ या पुस्तकाने एक पिढी घडवली. १९९० मध्ये आलेल्या ‘डी बेलिस अँटिक्विटॅटिस’ या नियमावलीने प्रत्येक बाजूला अवघ्या बारा तुकड्या देऊन प्राचीन व मध्ययुगीन लढाई तासाभरात खेळता येईल इतकी सुटसुटीत केली.

असई : परदेशी मेजांवरचा मराठवाडा

परदेशातील खेळाडूंना मराठवाड्याची ओळख आहे ती प्रामुख्याने एका नावाने, ते म्हणजे असई. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातील या गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त फौजेवर हल्ला केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात झालेल्या या लढाईत कंपनीच्या बाजूची ४२८ माणसे ठार आणि अकराशेहून अधिक जखमी झाली. एवढ्या लहान फौजेच्या मानाने हे नुकसान भयंकर होते.

असई खेळताना एक गोष्ट हमखास ध्यानात येते. वेलस्लीने पिंपळगावजवळ उतार शोधून नदी ओलांडली आणि शिंद्यांच्या फौजेची बगल गाठली, पण शिंद्यांच्या कवायती पलटणींनी आपला मोहरा वळवून त्याच्यासमोर नवी फळी उभी केली. पोलमन या अधिकाऱ्याच्या हुकमतीखालील या पलटणींना ही हालचाल जमणार नाही, असे वेलस्लीने गृहीत धरले होते. मेजावर ही हालचाल करून पाहिली की तिच्यातील अवघडपणा समजतो आणि ती करणाऱ्या शिपायांच्या कवायतीबद्दल आदर वाटू लागतो. ‘इंग्रज शिस्तबद्ध, आपले लोक बेशिस्त’ हे शालेय पुस्तकांतून मनात बसलेले सोपे चित्र येथे टिकत नाही.

परांडा : चाऱ्याने वाचवलेला किल्ला

धाराशिव जिल्ह्यात खेळण्याजोगे रणांगण शोधायचे तर पहिले नाव परांड्याचे घ्यावे लागेल. खंदकाने वेढलेला हा भुईकोट किल्ला बहमनी आणि निजामशाही काळात महत्त्वाचे ठाणे होता. मोगलांनी १६०० मध्ये अहमदनगर घेतल्यानंतर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला येथेच गादीवर बसवले आणि काही काळ परांडा निजामशाहीची राजधानी बनला. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली, सुमारे ५५ टन वजनाची प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ परांड्याच्याच किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेण्यात आली. परांड्याच्या तटावर आजही अनेक जुन्या तोफा पाहावयास मिळतात.

शाहजहानच्या फौजांनी या किल्ल्याला दोनदा वेढा घातला. पहिल्यांदा १६३१ च्या सुमारास आजम खानाने आणि दुसऱ्यांदा १६३४ मध्ये शाहजादा शुजा आणि महाबत खान यांनी. दोन्ही वेढे उठवावे लागले. पहिल्या वेढ्याच्या वेळी दख्खनेत १६३०-३२ चा भीषण दुष्काळ होता. किल्ल्याभोवतालच्या मुलखात गवताची काडी उरली नव्हती आणि हजारो घोडे, बैल, हत्ती यांना जगवणे मोगलांना अशक्य झाले. दुसऱ्या वेढ्यातही चारा व सरपण लांबून आणावे लागे, ते आणणाऱ्या तुकड्यांवर छापे पडत आणि भरीस भर म्हणून मोगल सरदारांचे आपसांत पटत नव्हते.

ज्या जिल्ह्यात चारा-छावण्यांचे राजकारण आजही उन्हाळ्याउन्हाळ्याला तापते, त्या जिल्ह्यातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पण मेजावर वेढा मांडणारा नवखा खेळाडू नेमके हेच विसरतो. तो तोफा मोजतो, तटाची उंची मोजतो आणि घोड्याला रोज काय घालायचे हा हिशेब सोडून देतो. परांड्याचा वेढा नीट खेळायचा असेल तर मेजाच्या कडेला चाऱ्याचा तक्ता हवाच.

खर्डा : न हरलेल्या पायदळाचा पराभव

भूम-परांड्याच्या सीमेपासून जवळ, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात खर्डा आहे. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि हैदराबादचा निजाम यांच्यात येथे लढाई झाली. निजाम अलीची फौज मोहरीचा घाट उतरून आली होती आणि खर्ड्याहून परांड्याच्या दिशेने कूच करीत असताना मराठ्यांशी तिची गाठ पडली, असे ग्रँट डफने आपल्या १८२६ मधील इतिहासात नोंदवले आहे.

डफच्या आकड्यांनुसार निजामाकडे सुमारे १ लाख १० हजार फौज होती. मराठ्यांकडे सुमारे १ लाख ३० हजार आणि त्याखेरीज दहा हजार पेंढारी होते. निजामाचा खरा आधार फ्रेंच अधिकारी रेमाँ याच्या १७ कवायती पलटणी, म्हणजे सुमारे ११ हजार शिपाई हा होता. मराठ्यांच्या बाजूने दौलतराव शिंद्यांकडे पेराँच्या हाताखाली सुमारे १० हजार कवायती पायदळ होते. होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे सारे सरदार पेशव्यांच्या निशाणाखाली एकत्र आले होते आणि सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. सर्व मराठा सरदार एकत्र आल्याचा असा प्रसंग पुन्हा आला नाही.

एक मूर्ती म्हणजे १०० माणसे धरली तरी दोन्ही फौजांना मिळून अडीच हजार मूर्ती लागतील. ते कुणालाही परवडणारे नाही. म्हणून अनुभवी खेळाडू लढाईचा एक तुकडा कापून घेतात. रेमाँच्या पलटणींसाठी ११० मूर्ती, पेराँच्या पलटणींसाठी १००, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना घोडदळाच्या काही तुकड्या एवढ्यावर खर्ड्याचा गाभा मेजावर येतो. मार्चच्या सुमारास रब्बी ज्वारीची काढणी उरकत आलेली असते. त्यामुळे मैदान बहुतांशी मोकळे ठेवावे आणि काथ्याच्या पायपुसण्याचे तुकडे कापून कुठे कुठे उभे पीक दाखवावे.

लढाईचा क्रम थोडक्यात असा. निजामाच्या पठाण घोडदळाने जोरदार हल्ला केला. त्यात परशुरामभाऊ स्वतः जखमी झाले आणि मराठ्यांची आघाडी हटली. त्याच वेळी रघुजी भोसल्यांच्या बाणांचा वर्षाव आणि उंचवट्यावरील पेराँच्या तोफांचा मारा सुरू झाला आणि निजामाचे घोडदळ उधळले. रेमाँचे पायदळ मात्र आपल्या जागी ठाम होते. ते हरले नव्हते. परंतु निजामाचा धीर सुटला. सोबत असलेल्या जनान्याच्या आग्रहामुळे त्याने रेमाँला माघारीचा हुकूम दिला. रात्री पाण्याच्या शोधात ओढ्यावर आलेल्या मराठ्यांच्या एका छोट्या टोळीची निजामाच्या पहाऱ्याशी गाठ पडली आणि गोळ्या सुटल्या. अंधारात साऱ्या छावणीने गोळीबार सुरू केला आणि घबराट उडून फौज फुटली. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि तेथे पाण्यावाचून कोंडला गेला. काही दिवसांतच त्याने तह केला. दौलताबादचा किल्ला, मोठा मुलूख आणि तीन कोटी रुपये देण्याचे त्याने कबूल केले. आपला दिवाण मुशीर-उल-मुल्क यालाही मराठ्यांच्या हवाली करणे त्याला भाग पडले.

ही लढाई केवळ ठार झालेल्यांचा हिशेब ठेवणाऱ्या नियमांनी खेळली तर तिचा खरा निकाल कधीच लागत नाही, कारण रेमाँच्या रांगा शाबूत राहतात. निकाल लागण्यासाठी निजामाच्या स्वतःच्या मनोधैर्याची परीक्षा, वरून येणारा अनपेक्षित हुकूम आणि रात्रीच्या घबराटीचा फासा हे तीन नियम घालावे लागतात. मग रेमाँच्या बाजूने खेळणाऱ्याला पुरते उमगते की आपण मैदानावर एकही चूक न करता लढाई गमावू शकतो.

विजयाचेही तसेच. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि वारसाच्या भांडणात खर्ड्याची कमाई विरून गेली. मेजावरचा खेळ संध्याकाळी संपतो. इतिहासाचा डाव त्यानंतरही चालू राहतो.

नळदुर्ग : वेळ, पूल आणि खेळाची मर्यादा

तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग आज ओळखला जातो तो पाणीमहालासाठी. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास बोरी नदीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातील महाल पावसाळ्यात हजारो पर्यटक पाहतात. त्याआधी १५८० च्या दशकाच्या आरंभी अहमदनगर आणि गोवळकोंडा यांच्या संयुक्त फौजांनी या किल्ल्याला वेढा घातला होता. किल्ला पडला नाही.

आधुनिक काळातील प्रसंग १३ सप्टेंबर १९४८ चा. हैदराबाद संस्थानावरील कारवाईत सोलापूरच्या बाजूने निघालेल्या भारतीय सैन्याची पहिली लढत नळदुर्गला झाली. सातव्या ब्रिगेडने वेग साधून बोरी नदीवरील पूल उडवला जाण्यापूर्वीच ताब्यात घेतला. त्यानंतर शीख पलटणीने निजामाच्या पायदळावर हल्ला केला आणि चिलखती दल सकाळीच जळकोटला पोहोचले. युद्धखेळाच्या दृष्टीने ही अत्यंत सुबक मांडणी आहे. एक नदी, एक पूल आणि मोजकी मिनिटे. पूल अखंड हाती आला तर हल्लेखोर जिंकला. उडाला तर डाव लांबला.

पण याच ठिकाणी या छंदाची मर्यादाही समोर येते. पाच दिवसांची कारवाई संपली आणि १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होऊ लागला. त्याआधी रझाकारांनी गावोगावी केलेले अत्याचार आणि त्यानंतर मुस्लिम वस्त्यांवर झालेले हल्ले यांच्या आठवणी या जिल्ह्यातील अनेक घरांत जिवंत आहेत. कारवाईनंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश केला होता. बोरीच्या पुलावरील लढत मेजावर मांडता येते. त्या गावांचे काय झाले ते कोणत्याही फाशाने सांगता येत नाही.

म्हणूनच अनेक जाणकार खेळाडू अलीकडच्या लढाया, विशेषतः ज्यांचे नातेवाईक हयात आहेत अशा लढाया, जपून निवडतात. सामान्य नागरिकांना मेजावर आणायचे नाही, असा अलिखित दंडक अनेक ठिकाणी पाळला जातो. त्याचा हेतू सभ्यतेचा असला तरी त्यामुळे लढाई खऱ्यापेक्षा स्वच्छ दिसते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. एक तुकडी बाद झाली म्हणून पट्टी उचलून बाजूला ठेवताना ती शंभर माणसे होती, याची आठवण मनात राहिली तर हा छंद सार्थकी लागला.

सुरुवात कशी करावी?

परदेशी मूर्ती मागवणे खर्चिक असते. परंतु नवख्याला त्यांची गरज नाही. जाड कागदावर छापून किंवा हाताने काढून कापलेले सैनिक, घडी घालून उभे केले तरी खेळ तितकाच चांगला होतो. थर्माकोलच्या टेकड्या, रंगवलेल्या लाकडी भुश्याचे गवत, निळ्या कापडाचा ओढा, सापशिडीतले फासे आणि शिंप्याचा टेप एवढी सामग्री पुरेशी आहे. मूर्ती घेतल्याच तर आधी पातळ प्रायमरचा हात, मग ॲक्रिलिक रंग आणि शेवटी खोलगट भागात पातळ गडद रंग, हा क्रम ठेवावा. लहान वयाच्या मुलांच्या हाती शिशाच्या मूर्ती देऊ नयेत आणि त्या हाताळल्यानंतर हात धुवावेत.

दिवाळीचा किल्ला करणाऱ्या मुलांसाठी तर अर्धे काम झालेलेच असते. त्यांना फक्त नियम हवे आहेत. खाली दिलेला नमुना दोघांना तासाभरात खेळता येईल.

चौकट : परांड्याचा वेढा, एक सोपा डाव

१. वेढा घालणाऱ्याकडे १२ ठोकळे (काडेपेट्याही चालतील), किल्लेदाराकडे ४ ठोकळे. खेळ दहा डावांचा. एक डाव म्हणजे एक आठवडा.

२. प्रत्येक डावात वेढा घालणारा आपले ठोकळे दोन कामांत वाटतो : काही मोर्चात, काही चाऱ्यावर.

३. किल्लेदाराची इच्छा असल्यास त्याने छापा टाकावा. फाशावर ५ किंवा ६ पडल्यास चाऱ्यावर गेलेला एक ठोकळा बाद. १ पडल्यास किल्ल्यातील एक ठोकळा बाद.

४. चाऱ्यावर उरलेला प्रत्येक ठोकळा तीन ठोकळ्यांपुरता चारा आणतो. मात्र एक फासा टाकावा. १ किंवा २ पडल्यास रान ओसाड, एकूण चारा निम्मा. तीन ठोकळ्यांपुरता चारा कमी पडला की एक ठोकळा बाद. तीनपेक्षा कमी तूट सोडून द्यावी.

५. मोर्चातील प्रत्येक ठोकळ्यामागे एक फासा. प्रत्येक ६ ला तटाला एक तडा. दहा तडे गेले किंवा किल्लेदाराचे सर्व ठोकळे संपले की किल्ला पडला. दहा डावांत तो पडला नाही तर वेढा उठला.

दोन-तीनदा खेळून झाल्यावर बाजू बदलून पाहावी. सारे ठोकळे मोर्चात घालणाऱ्याची फौज उपाशी मरते आणि सारे चाऱ्यावर पाठवणाऱ्याच्या हाती तट लागत नाही, हे मुलांना सांगावे लागत नाही. त्यानंतर परांड्याच्या तटावर नेऊन त्यांना भोवतालचा उघडा माळ दाखवावा. आजम खानाचे घोडे कशामुळे मागे फिरले, याचे उत्तर ती स्वतःच देतील.